बोटीवर चढण्यापूर्वी आणि चढल्यानंतर

समुद्रावरचा प्रवास म्हटला की पूर्वी आपल्याकडे दोनच प्रकारची माणसे डोळ्यांपुढे येत. एक, विद्या किंवा निदान विद्येचा शिक्का आणावयास विलायतेस निघालेली. आणि दुसरी, शिमग्याला नाही तर मे महिन्यात वळकटी काखोटीस मारून धक्क्यावर बोटीची वाट पाहत बसलेली कोकणी मंडळी. या दोघांनाही बोट हे केवळ साधन होते. बोट लवकर पोहोचावी आणि आपण एकदाचे खाली उतरावे, एवढीच त्यांची इच्छा. आज आम्ही ज्या प्रवासाविषयी बोलणार आहोत त्यात नेमके उलट आहे. येथे बोट हाच मुक्काम, आणि उतरण्याची घाई कोणासच नसते. याला कोणी जलपर्यटन म्हणतात, कोणी समुद्रसफर. तरुण मंडळी सरळ ‘क्रूझ’ म्हणतात. आम्हीही सोयीनुसार यांतील कोणताही शब्द वापरू.

ही कल्पना निघाली कशी, हे थोडक्यात पाहिले म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. हिवाळ्यात अटलांटिकवरील उतारूंची संख्या घटे आणि मोठमोठ्या बोटी रिकाम्या पडून राहत. हाम्बुर्गच्या कंपनीचे आल्बेर्ट बालिन यांना वाटले की, ज्यांना कोठेच जावयाचे नाही अशांनाच बोटीवर का घेऊ नये? त्यांनी 22 जानेवारी 1891 रोजी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट सुमारे अडीचशे उतारूंसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या फेरीस सोडली. पुढे 1958 मध्ये जेट विमानांनी अटलांटिक ओलांडावयास प्रारंभ केला, आणि बोटीने प्रवास करण्याचे व्यवहारी कारणच उरले नाही. मग सफर हाच धंदा झाला. म्हणजे या व्यवसायाचा जन्मच मुळी रिकाम्या खोलीच्या भीतीतून झालेला आहे, आणि ती भीती आजही गेलेली नाही. बोट सुटल्यावर रिकामी राहिलेली खोली नासक्या फळासारखी. तिचे पैसे पुन्हा कधीही येत नाहीत. म्हणून कंपन्या भाडे कमी लावून खोली भरतात आणि चढलेल्या माणसाकडून पुढे वसूल करतात. मद्य, जुगाराची टेबले, बंदरावरील सहली, छायाचित्रे, अंगमर्दन, इंटरनेट या सर्वांचे पैसे निराळे.

यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. हा धंद्याचा मार्ग आहे आणि तो उघड आहे. परंतु निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यात एकदा अशी सफर करावी म्हणून निघालेल्या जोडप्याने जाहिरातीतील आकड्यावर अंदाजपत्रक बांधले, तर त्याची झोप उडावयास वेळ लागणार नाही. परदेशी बोटींवर बक्षिसीची रक्कम बहुधा आपोआप खात्यावर चढते. मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर ती माणशी दररोज पंधरा ते वीस डॉलरांच्या घरात जाते. दोघांचे सात दिवसांचे गणित ज्याचे त्याने करावे. बंदरशुल्क आणि कर वेगळे. एकटा उतारू असेल तर त्याला दोघांच्या खोलीचे जवळजवळ सगळे भाडे भरावे लागते. विधवा बहीण किंवा अविवाहित मामा यांच्यासाठी खोली पाहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे. बोटीवर रोख पैसा चालत नाही. एक कार्ड मिळते, तेच किल्ली आणि तेच पाकीट. कार्ड पुढे करताना नोट मोडल्याचे दुःख होत नाही, हीच त्यातली मेख आहे. रोज रात्री खात्याचा उतारा पाहण्याची सवय ठेवणे हा एकच उपाय आम्हांला ठाऊक आहे.

आता ऋतूचा विचार. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र कोणाचा नसतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात ते उगीच नव्हे. मुंबईहून गोवे, कोची, लक्षद्वीप अशा सफरींना ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य, आणि त्यातही डिसेंबर ते मार्च समुद्र बहुधा शांत. भूमध्य समुद्राचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. अलास्काच्या हिमनद्यांकडे जाणाऱ्या बोटी मे ते सप्टेंबर चालतात. पहिल्यानेच जाणाऱ्यांनी एकदम बारा-चौदा दिवसांची सफर घेऊ नये, असे आमचे मत आहे. तीन-चार रात्रींची घ्यावी, आपल्या प्रकृतीस आणि स्वभावास ती मानवते का पाहावे, आणि मग पुढचा बेत करावा. मुंबईहून 2021 मध्ये अशा छोट्या सफरी सुरू झाल्या त्या ‘एम्प्रेस’ या बोटीवर. ती 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, लांबी सुमारे 211 मीटर, आणि टनेज सुमारे 48,500.

हे टनेज म्हणजे वजन नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते बोटीच्या आतील बंदिस्त जागेचे माप आहे. त्या मापाने ‘टायटॅनिक’ 46,328 भरत असे. म्हणजे आपली मुंबईची बोट तिच्याहून किंचित मोठीच म्हणावयाची. आणि तरीही आजच्या जगात ती लहान ठरते. 2024 मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे 2,48,600 टनेजची आहे. वीस मजले आणि उतारूच सात हजारांहून अधिक घेऊ शकणारी! हे आकडे सांगण्याचे कारण एवढेच, की बोट निवडताना प्रथम ‘मला गाव हवे की समुद्र हवा’ हा प्रश्न स्वतःस विचारावा. मोठी बोट हालते कमी, करमणूक अधिक, मुलाबाळांना सोयीची. पण तिच्यावर चार दिवस राहूनही समुद्राकडे एकदाही न पाहता परत येणे सहज शक्य आहे. लहान बोट हालते, पण लहान बंदरांत शिरते.

खोलीच्या बाबतीत लोक खिडकी आणि सज्जा पाहतात. आम्ही आधी नकाशा पाहावयास सांगू. बोट दोन प्रकारे हालते. एक, पाळण्यासारखी कुशीवर; दुसरी, सीसॉच्या फळीसारखी, नाक वर आणि शेपूट खाली. पाळण्याचा झोका वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतो, आणि फळीची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा पुष्कळ अधिक वरखाली होतात. म्हणून ज्याला गाडी लागते त्याने खालच्या मजल्यावरची, बोटीच्या बरोबर मध्यावरची खोली घ्यावी. ती स्वस्तही असते, हा योगायोग सुखाचा. आजकालच्या बोटींना पाण्याखाली दोन बाजूंस पंखासारखे पाते असते. ते कुशीवरचे हेलकावे बरेच आवरते, परंतु नाकाच्या वरखाली होण्यावर त्याचा इलाज चालत नाही. नकाशात आणखी एक पाहावे. आपल्या डोक्यावर नाचघर किंवा भटारखाना तर नाही ना? दिवसा भाडे वाचल्याचा आनंद रात्री दोन वाजता खुर्च्या सरकवल्याच्या आवाजात विरून जातो.

‘बोट लागणे’ या गोष्टीची भीती आपल्याकडे फार. ती समजून घेतली तर निम्मी कमी होते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल कळण्याची यंत्रणा आहे. बंद खोलीत बसले असता डोळे मेंदूस सांगतात की भिंती स्थिर आहेत, आणि कान सांगतात की आपण झुलतो आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि त्याचा भुर्दंड पोटाला पडतो. यातूनच उपायही निघतो. मळमळू लागताच खोलीत जाऊन गादीवर पडून पुस्तक उघडणे, हे जे बहुतेक लोक करतात, तेच सर्वांत वाईट. वर उघड्यावर, बोटीच्या मध्यावर यावे आणि क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवावी. म्हणजे डोळेही कानांचीच साक्ष देऊ लागतात. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा पुष्कळांना बरा वाटतो. गोळ्या घ्यावयाच्या त्या आधी घ्याव्यात. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतेच कोठे? एसटीतून घाट चढताना घरोघर दिली जाणारी अॅव्होमिन आणि बाजारात मिळणारी सिनारिझीन ही त्यातली परिचित औषधे. त्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्या वृद्धांनी ती आपल्या वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत या झोक्याला सरावते, हे मात्र खरे.

सामान बांधताना दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. धक्क्यावर मोठ्या बॅगा आपल्या हातून घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून औषधे, कागदपत्रे, चष्मा आणि एक जोड कपडे हे हातातल्या पिशवीत हवेत. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत टाकून दुपारभर तिची वाट पाहणारे उतारू प्रत्येक फेरीत आढळतात. दुसरी गोष्ट विस्तवाची. भर समुद्रात बुडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक भय आगीचे असते. म्हणून इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती आणि आपल्या मंडळींना जिव्हाळ्याची उदबत्ती, कापूर, निरांजन यांस बोटीवर मज्जाव आहे. देवाला चार दिवस मानसपूजा चालते. चकल्या-चिवड्याचे डबे नेता येतात की नाही हे कंपनीस विचारावे. बोटीवर चालले तरी किनाऱ्यावर उतरताना चालतीलच असे नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका हे देश बाहेरच्या अन्नाबाबत फार काटेकोर आहेत.

कागदपत्रांत घोटाळा होतो तो बहुधा व्हिसाचा. बोट ग्रीसहून तुर्कस्तानात जाते आणि पुन्हा ग्रीसला येते. आपल्या दृष्टीने आपण बोटीवरच असतो, पण कायद्याच्या दृष्टीने आपण शेंगेन देशांतून बाहेर पडून पुन्हा आत शिरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा अशा वेळी पुरत नाही. लक्षद्वीप तर आपलेच. तरीही तेथे जावयास भारतीयांसही परवाना लागतो. सफरीची कंपनी बहुधा तो काढून देते, परंतु काढला की नाही याची खात्री आपण करावी.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे वळतो. बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व उतारूंना संकटकाळची कवायत करावी लागते. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, प्राणरक्षक जाकीट कसे बांधावयाचे, सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला म्हणजे काय करावयाचे, हे त्या वेळी सांगतात. पुष्कळ ठिकाणी यातला काही भाग आता दूरचित्रवाणीवर दाखवितात आणि उतारूने फक्त जमण्याच्या जागी जाऊन हजेरी द्यावयाची असते. लोक या प्रकाराला कंटाळतात. कोणी जेवावयास बसतो, कोणी छायाचित्रे काढतो. पण या पंधरा-वीस मिनिटांमागे फार मोठी किंमत मोजलेली आहे.

‘टायटॅनिक’वर 1912 मध्ये बावीसशेंहून अधिक माणसे होती आणि होड्यांत जागा होती 1,178 जणांची. दीड हजारांवर माणसे गेली. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील प्राणरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज होड्या आणि तराफे मिळून माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते. आपल्या दारातील उदाहरण ‘रामदास’चे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ही बोट खवळलेल्या समुद्रात काश्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अलिबाग-पेणच्या बाजूस त्या पिढीतील माणसांना तो दिवस पुढे कधीच विसरता आला नाही. बोट कलताच उतारू घाबरून एका बाजूस धावले असे वाचलेल्यांनी सांगितले. घाबरलेला जमाव बोटीचा तोल कसा बिघडवितो हे यावरून कळते. इतके जुने उदाहरण नको असेल, तर 13 जानेवारी 2012 ची रात्र घ्यावी. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही मोठी आधुनिक बोट इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आपटली. 32 माणसे मरण पावली. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्क्या बंदरात चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्या काळच्या नियमाने ती चोवीस तासांत करावयाची मुभा होती. पुढे 2015 पासून नियम बदलला आणि कवायत सुटण्यापूर्वी किंवा सुटताच करणे भाग झाले.

तेव्हा आमची विनंती अशी, की कवायतीच्या वेळी आपल्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा पायांनी चालून जावे, जिन्याने. संकटात लिफ्ट वापरावयाची नसते. वाटेत किती दारे लागतात ती मोजावीत. सोबत वृद्ध असतील, गुडघ्यांचा त्रास असेल, कानांनी कमी ऐकू येत असेल, तर तेथील अधिकाऱ्यास ते त्याच वेळी सांगून ठेवावे. त्यांच्या यादीत नाव असले म्हणजे मदतीस माणूस नेमलेला असतो.

जेवणाविषयी फार सांगण्याची गरज नाही; तेथे सल्ल्याची नव्हे, संयमाची उणीव असते. शाकाहारी, जैन किंवा मधुमेही उतारूने तिकीट काढतानाच कळवावे आणि चढल्यावर पंगतीच्या मुख्य वाढप्यास पुन्हा सांगावे. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या दोन महिन्यांत शाकाहार सांभाळणे केवढे कठीण गेले असेल, याची आज पंचपक्वान्नांच्या टेबलापाशी उभे राहून कल्पना करावी. एक सूचना मात्र आग्रहाने करतो. बोटीवर जुलाब-वांत्यांचा नोरोव्हायरस शिरला म्हणजे झपाट्याने पसरतो, आणि दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या द्रवाला तो फारसा भीत नाही. साबणाने हात धुवावेत.

बंदरांची नावे नीट वाचावीत. जाहिरातीत ‘रोम’ असते, बोट लागते चिव्हितावेक्क्यास, आणि तेथून रोम सुमारे 70 किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ असते, बोट लागते लिव्होर्नोस. जाण्यायेण्यात तीन तास गेले तर गाव पाहावयास किती उरतात, ते आधी मांडून पाहावे. आणि पाच बंदरांपैकी तीनच ठिकाणी उतरले तरी काही बिघडत नाही. उतरताना घड्याळ बोटीच्या वेळेला लावलेले असावे, कारण किनाऱ्यावरची वेळ निराळी असू शकते. कंपनीने नेलेल्या सहलीस उशीर झाला तर बोट बहुधा थांबते, आपण एकटे फिरावयास गेलो असता थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च मग ज्याचा त्याला. भ्रमणध्वनी बोटीवर विमानाच्या स्थितीतच ठेवावा. बोटीच्या उपग्रहावरून लागलेल्या एका फोनचे बिल पाहून पुष्कळांना समुद्राविना भोवळ आलेली आहे.

लक्षद्वीपला मोठी बोट बेटास लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात ती उभी राहते आणि उतारू लहान होड्यांनी आत जातात. रत्नागिरी-मालवणकडील जुन्या मंडळींना हे नवे नाही. पडावात उड्या मारण्यात त्यांचे बालपण गेले आहे. इतरांनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पायांत घसरणार नाही असे काही घालावे, आणि खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकावा, आधी नव्हे. लाट उंच असली तर उतरणे रद्दही होते. त्यावर कप्तानाशी वाद घालू नये. तेथील पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मुंबईपासून अगत्ती सुमारे 900 किलोमीटर. ताशी 18 नॉट म्हणजे सुमारे 33 किलोमीटर, या वेगाने सत्तावीस तास. म्हणजे एक अख्खा दिवस चहूकडे पाणी. या दिवसाला लोक ‘रिकामा दिवस’ म्हणतात आणि तो भरून काढण्यासाठी धावपळ करतात. आमच्या मते सफरीचे निम्मे मोल याच दिवसात आहे. पहाटे साडेपाचला वरच्या मजल्यावर कोणी नसते. पाण्यापासून 30 मीटर उंचीवर उभे राहिले तर सुमारे वीस किलोमीटरपर्यंतचे क्षितिज दिसते, आणि त्या संपूर्ण वर्तुळात कधी कधी एकही शीड नसते. रात्री दिव्यांपासून दूरचा कोपरा शोधावा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपण विषुववृत्तापासून उत्तरेस. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश होते. मुंबईत ध्रुव जवळजवळ दोन मुठींवर असतो. लक्षद्वीपला पोहोचेपर्यंत तो एका मुठीवर उतरलेला असतो. तितकेच दक्षिणेचे आकाश वर येते, आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकू नीट उभा दिसतो. नकाशावाचून, यंत्रावाचून आपण किती दूर आलो हे मुठीने मोजता येते. नातवंडांना हे शिकविण्यासारखे आहे, आणि त्याचे पैसे खात्यावर चढत नाहीत.

प्रकृतीबद्दल शेवटचे. बोटीवर डॉक्टर असतो, लहानसा दवाखाना असतो, त्याची फी मात्र भारी असते. मोठी शस्त्रक्रिया तेथे होत नाही. हृदयविकाराच्या माणसाला मध्येच हलवावे लागले तर हेलिकॉप्टरचा खर्च कुटुंबाला बुडवील एवढा होऊ शकतो. म्हणून विमा उतरवताना रुग्णास हलविण्याचा खर्च त्यात धरला आहे का, आणि जुन्या आजारास तो लागू आहे का, या दोन ओळी स्वतः वाचाव्यात. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. औषधांची चिठ्ठी त्यांच्या मूळ रासायनिक नावांसह बरोबर ठेवावी. परदेशात आपल्याकडील व्यापारी नाव कोणी ओळखत नाही.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवावयास सांगतात. सकाळी घालावयाचे कपडे त्यांत बांधून बसू नये. रात्रीच्या पोशाखात बंदरावर उतरण्याचा प्रसंग येतो. घरी आल्यावर एक-दोन दिवस स्नानघरात उभे असताना जमीन हळूच हलल्यासारखी वाटते. कान समुद्राला सरावलेले असतात, त्यांना पुन्हा जमिनीची ओळख व्हावयास तेवढा वेळ लागतो. आठवड्याहून अधिक टिकले तर कानाच्या डॉक्टरांस दाखवावे.